भारी पिना

जोयड्याच्या रानातल्या आपल्या रिसॉर्टात बोलिंगचा खेळ आणायचं अमोलशेठना सुचलं, तेव्हा पावसाळा सुचला नव्हता. विलायती मेपलच्या दहा पिना पहिल्या श्रावणात फुगल्या, दुसऱ्यात वाळवीनं खाल्ल्या. पिना उभ्या करणाऱ्या यंत्राच्या वायरी उंदरांनी त्याआधीच संपवल्या होत्या. तेव्हापासून चेंडू घरंगळवायच्या लाकडी पट्टीच्या टोकाला, पिनांच्या मागं, चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावून गुरुदास फळीवर बसायचा. चेंडू आला, पिना पडल्या, की उठून परत मांडायच्या. कागदावर तो गेम सुपरवायझर होता, प्रोबेशनवर.

गुरुदास कुंभारवाड्याचा. त्याला केशर हवी होती आणि केशरच्या बापाला, परशुरामाला, कायम नोकरीचा जावई हवा होता. "कायम हाय का?" एवढा एकच प्रश्न त्या माणसाला येत होता. बैल विकत घेतानाही तो हाच विचारायचा.

नव्या पिना रामनगरच्या चंद्रा सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. त्याच दिवशी शेठचा फोन आला. रेंज जांभळीखालीच मिळायची, तीही एका पायावर.

"शनवारी हुबळीचं साहेब येतायत, घरच्यांसकट. पिना एकदम भारी पायजेत बघ! साहेब खूश झालं की तू कायम."

आता आपल्याकडं पिच्चर भारी असतो, मटण भारी असतं आणि सिमेंटचं पोतंही भारी असतं. गुरुदासनं पोत्याचा अर्थ घेतला. चंद्रानं मोडक्या घराची मत्तीची, म्हणजे ऐनाची, तुळई काढली. खिळा मारला तर खिळा वाकेल असलं लाकूड.

"किती भारी करू रं?"

"शेठ म्हणालेत, एकदम."

शनिवारी साहेबांनी चेंडू टाकला. नेम चोख होता. चेंडू पहिल्या पिनेवर आदळला आणि तिनंच त्याला बाजूला सारलं. हलकी पिन उडते, लोळते, जाताना चार शेजारणींना घेऊन पडते. भारी पिन आपल्यापुरती पडते. दोन आडव्या झाल्या. आठ ऐकून न ऐकल्यासारख्या उभ्या राहिल्या. दुपारभर हेच चाललं.

"अप्पा, बरी एरडा?" साहेबांची कॉलेजातली मुलगी रक्षिता हसली. फक्त दोनच, असं तिनं कानडीत विचारल्यावर साहेबांचे मेहुणे महेश जरा जास्तच हसले.

शेठनी गुरुदासला न्हाणीघरामागं नेलं. "भारी म्हंजे झकास रं, गाढवा! वजनदार न्हवं!"

"मग झकास म्हणायचं, शेठ," हे गुरुदास मनात म्हणाला. प्रोबेशनवरच्या माणसाला तेवढीच जागा असते.

"उद्या हलक्या आण. साहेबांनी फुंकर मारली तरी पडाय पायजेत."

रविवारी चंद्रानं रातोरात केलेल्या, वाळक्या पांगाऱ्याच्या हलक्या पिना आल्या. साहेबांच्या पहिल्याच चेंडूला दहाच्या दहा उधळल्या, खुराड्यात मांजर शिरल्यासारख्या. टाळ्या पडल्या. गुरुदासच्या नडगीवर एक बसली, कानाजवळून एक गेली.

"शेठ, लई उडत्यात हो. मी जरा बाजूला बसू?"

"बाजूला बसल्यावर उभ्या कोण करणार, तुझा आजा? कायम व्हायचंय न्हवं?"

गुरुदास बसला.

शेवटच्या चेंडूला साहेबांना महेशना हरवायचं तर दहाही पाडायच्या होत्या. चेंडू गेला. नऊ पडल्या. त्यातली एक उडाली, गुरुदासच्या डाव्या डोळ्यावर बसली, तिथून उलटी आली आणि दहावीला पाडून गेली.

गुरुदास डोळा धरून खाली वाकला.

"हे धरायचं न्हाई!" महेश ओरडले. "पिन माणसाला लागून आलीय."

रक्षितानं मोबाईलवर नियम काढला. "भिंतीला लागून परत आली तर धरतात. माणसाला लागून आली तर नाही."

सगळे विचारात पडले. डोळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. नियमात डोळा नव्हता.

साहेबांचा चेहरा उतरायला लागला तसे शेठ पट्टीच्या टोकापर्यंत चालत आले. आवाजात एवढं लोणी गुरुदासनं त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "गुरुदास, बाळा, नीट आठवून सांग. पिन कशाला लागली?"

बोटांच्या फटीतून रक्त मनगटावर उतरत होतं. गुरुदासला केशर आठवली. तिच्या पुढं परशुराम उभा होता.

"भिंतीला," तो म्हणाला.

"बघा!"

"मग भिंतीला रगत कसं येतंय?" महेशनी विचारलं.

"चिऱ्याची भिंत हाय," शेठ म्हणाले, "तांबडीच असतीय."

साहेब जिंकले. साहेबांसमोरच शेठनी गुरुदास कायम झाल्याचं जाहीर केलं. मग त्याला बेळगावच्या बसमध्ये बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? "भिंतीनं," गुरुदास म्हणाला. आता तो कायम होता. जबाब बदलून चालणार नव्हतं.

पट्टी बांधलेल्या डोळ्यानं तो केशरच्या अंगणात उभा राहिला. आत चहासाठी स्टो फरफरत होता.

"मामा, कायम झालो."

परशुरामानं त्याला एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. बैल बघतात तसं.

"नोकरी झाली, खरं. अन् डोळा? कायम हाय का?"

"डाक्टर म्हणालेत, बघू."

"बघू म्हंजे डोळा प्रोबेशनवर हाय." परशुराम उठला. "त्यो कायम झाला की ये."

आतला स्टो फुस्स करून बंद झाला.