पातळ केलेलं ग्रीस

मेक्सिकोतल्या एल सार्जेंतोच्या किनाऱ्यावर होडीचं इंजिन बंद पडलं की कोळी आधी देवाचं नाव घेत आणि मग कासिमिरोचं. पुष्कळदा देव राहूनच जाई. उभा जन्म त्यानं खाऱ्या पाण्यानं कुजलेली इंजिनं उघडण्यात घातला होता आणि लहानथोर सगळे त्याला ‘मिस्त्री’ म्हणत. माणूस वाईट नव्हता हो! पण ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून बायकोनंसुद्धा कधी ऐकले नव्हते. त्याची मुलगी यारेली जन्मली तेव्हा हा गडी सुइणीलाही चार गोष्टी शिकवायला आत घुसला होता आणि तिनं त्याला हाकलून दिला होता.

हीच यारेली वयात आली आणि पतंगांच्या नादी लागली. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की गोरे लोक गाड्या भरभरून येतात, खोलीएवढाले पतंग हवा भरून फुगवतात आणि पायांना फळी बांधून, त्यांना लटकून पाण्यावर पळतात. हे कासिमिरोच्या डोक्यात जायचं. ‘समुद्रात जायचं ते मासळीसाठी. उड्या मारायला ते काय तुझ्या बापाचं अंगण आहे?’ असं तो म्हणे, आणि बाप आपणच आहोत हे रागाच्या भरात विसरे. एका गोऱ्यानं जाताना तिला आपला जुना पतंग दिला, तो ह्यानं मासे कापायच्या सुरीनं उभा चिरला. त्यानंतर दोन हिवाळे पोर त्याच्याशी ‘जेवण वाढलंय’ आणि ‘आई बोलावतेय’ ह्यापलीकडे बोलली नाही. तिनं दुसरा पतंग मिळवला, त्याहून जुना, ठिगळं लावलेला, आणि तो शेजारच्या घरी ठेवायला लागली. कासिमिरोला ते कळलं होतं. तो मूग गिळून बसला. सुरीचा पश्चात्ताप त्याला पहिल्याच रात्री झाला होता, पण तो बोलून दाखवणार कसा? सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच!

मग त्या वर्षी कॉलीनबाईंनी, म्हणजे किनाऱ्यावर पतंगांची शाळा चालवणाऱ्या कॅनडाच्या बाईंनी, गावातल्या एकाला शिक्षक म्हणून घ्यायचं ठरवलं. जागा एकच. जो परीक्षेत उतरेल त्याला कायमचं काम. यारेली उतरली तर गावातच राहणार होती. नाही उतरली तर ला पाझ शहरात मावशीच्या औषधाच्या दुकानात जायचं, हे तिच्या आईनं, लेआंद्रानं, केव्हाच ठरवून टाकलं होतं. आईला पोर पाण्यापासून लांब हवी होती. बापाला ती घरात हवी होती, आणि घरात राहायची वाट आता पाण्यावरूनच जात होती.

अशात यारेलीचा पंप मोडला. किनाऱ्यावर पंपांची काय कमी? पण सगळे नवे, रुंद तोंडाचे. तिच्या पतंगाचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, बारीक. एकाही पंपाची नळी त्यात बसेना. शेवटी एका संध्याकाळी ती बापाच्या इंजिनदुरुस्तीच्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, एक काम होतं.”

कासिमिरोच्या हातातला पाना निसटला. “बोल की.”

“पंप करून द्याल? हातानं मारायचा. नळी बारीक हवी.”

“त्यात काय एवढं! असले पंप मी झोपेत करीन.”

“झोपेत नको, जागेपणी करा,” ती म्हणाली आणि किंचित हसली. दोन वर्षांनी हसली हो! त्या हसण्यावर त्यानं तिला विमानसुद्धा करून दिलं असतं.

त्यानं पाण्याच्या नळाचा जाड प्लास्टिकचा पाइप कापला. दट्ट्याला लाकडाचा दांडा लावला, आणि दट्ट्याच्या टोकाला जुन्या खोगिराच्या चामड्याची वाटी बसवली, आपल्या सायकलच्या पंपात असते तशी. खाली पाय ठेवायला फळी ठोकली. इंजिनाच्या तेलाच्या नळीचा तुकडा तासून बारीक तोंड केलं. सगळं बेतशीर जमलं, पण चामडं पाइपात अडकायला लागलं. पोरीच्या दंडांना किती त्रास होईल! मग त्यानं ग्रीस घेतलं, त्यात पेट्रोल कालवून ते पातळ केलं आणि चामड्याला सढळ हातानं पाजलं. होडीच्या कामात तो हेच करत आला होता. दट्ट्या कसा लोण्यातून गेल्यासारखा खालीवर व्हायला लागला.

यारेलीनं पतंग घरी आणला. बापाच्या अंगणात आणला! फळीवर पाय देऊन ती पंप मारायला लागली आणि पतंगाची पुढची जाड नळी टम्म फुगून उभी राहिली.

“अगंबाई, दुकानातल्यापेक्षा हलका आहे की हा!”

“मग? मिस्त्री कोणाय?” कासिमिरो म्हणाला. त्या दिवशी तो जेवायला बसला आणि आनंदानं त्याला घास गिळेना. लेआंद्रा मात्र तव्यावरची पोळी उलटत त्याच्याकडे बघत राहिली, ह्याला झालंय तरी काय म्हणून.

पुढं परीक्षेपर्यंत यारेली रोज त्याच पंपानं पतंग फुगवून पाण्यात जात होती. कासिमिरो शेडच्या दारातून बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, “पंप माझा आहे बरं का.”

परीक्षेच्या दिवशी वारा असा होता की टोप्या उडत होत्या. निम्मं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. यारेली सपासप लाटा कापत गेली, वळली, उडी मारली, पुन्हा वळली. कॉलीनबाई मान डोलावत होत्या. आणि मग खोल पाण्यात असताना तिच्या पतंगाची पुढची नळी एकाएकी लुळी पडली. पतंग मधोमध दुमडला आणि ओल्या धोतरासारखा पाण्यात कोसळला. तोरिबिओनं, म्हणजे यारेलीच्या धर्मबापानं आणि कासिमिरोच्या जिवलग दोस्तानं, होडी काढली आणि पोरीला पतंगासकट ओढून आणली. ओठ निळे पडले होते, पण धड होती.

कॉलीनबाईंनी तिथंच वाळूत पतंगाची चेन उघडली आणि आतला लांबोडका फुगा बाहेर काढला. व्हॉल्व्ह त्यांच्या हातात सुटा आला. तो ज्या डिंकानं चिकटवलेला असतो तो डिंक विरघळून शेंबडासारखा झाला होता. बाईंनी फुगा नाकाशी नेला.

“पेट्रोल,” त्या म्हणाल्या. “ह्यात पेट्रोल कुठून आलं?”

पंप शेजारीच पडला होता. कुणीतरी तो हुंगला, दुसऱ्याच्या हातात दिला, त्यानं हुंगला. मग सगळे कासिमिरोकडे बघायला लागले. त्याला दरदरून घाम फुटला. डिंक? पतंगात डिंक असतो? त्याला वाटलं होतं, गाडीच्या ट्यूबसारखा सगळा वितळवून जोडलेला असेल.

तोरिबिओला हसू आवरेना. “अरे, हा माणूस रोज पेट्रोलनं इंजिनाच्या जोडांवरचा डिंक खरवडतो! पेट्रोलनं डिंक सुटतो हे ह्याला ठाऊक नाही होय? कोंपाद्रे, माझ्या दोस्ता, बेरकी आहेस लेका! त्या वेळी सुरी, आता पेट्रोल!”

लोक हसले. कॉलीनबाई हसल्या नाहीत. त्या सरळ कासिमिरोसमोर आल्या.

“मिस्त्री, एकच विचारते. चूक झाली असेल तर सांगा, चूक कुणाचीही होते. पोरगी चांगली आहे, उद्या मी तिची परीक्षा शाळेच्या पतंगावर पुन्हा घेईन. पण घरातल्याच माणसानं मुद्दाम केलं असेल, तर मला ही भानगड माझ्या शाळेत नको. माझ्याकडं लोकांची पोरं शिकायला येतात.”

आता ह्यात अवघड काय होतं, सांगा! ‘मला ठाऊक नव्हतं.’ शेंबडं पोर म्हणालं असतं. यारेली ओलेत्यानं कुडकुडत त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिच्यामागं किनाऱ्यावरचे सगळे कोळी उभे होते, ज्यांची इंजिनं त्यानं दुरुस्त केली होती. उद्या तेच म्हणणार, मिस्त्रीला ग्रीस कुठं लावावं कळत नाही, पोरीला बुडवत होता.

“उभा जन्म पेट्रोलमध्ये गेला माझा,” तो म्हणाला. “मला ठाऊक नसेल होय?”

“शाब्बास!” मागून कोणीतरी ओरडलं. कॉलीनबाईंनी फुगा वाळूत टाकला आणि त्या निघून गेल्या.

घरी लेआंद्रानं त्याच्यापुढं वाळवलेल्या मांसाची भाजी आणि गरम पोळ्या वाढल्या. “जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलंत,” ती म्हणाली.

“अगं, मला खरंच ठाऊक नव्हतं.”

“माझ्यापाशी कशाला सोंग? जेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धावत ला पाझच्या बसपाशी गेला. यारेली खिडकीत बसली होती, मांडीवर एकच पिशवी. काच खाली होती.

“पोरी, ऐक. देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम नाही केलं गं.”

“मला माहितीये, बाबा.”

तो चमकला. “माहितीये?”

“मी तुमच्या तोंडाकडंच बघत होते ना. बाईंनी व्हॉल्व्ह दाखवला तेव्हा तुम्ही माझ्याहून जास्त घाबरलात. मला तेव्हाच कळलं. म्हटलं, आता सांगतील. बाईंनी किती सोपं करून दिलं होतं तुम्हाला.” तिनं काच वर ओढायला घेतली. “पंपानं काही नाही बिघडलं, बाबा.”

“उतर तू. आपण आत्ता जाऊ त्यांच्याकडं, मी सांगतो...”

“काल सांगायचं होतं.”

बस निघाली. कासिमिरो धुळीत तसाच उभा राहिला. रस्त्यापलीकडून तोरिबिओ आणि दोघे-तिघे कोळी जाळी खांद्यावर टाकून चालले होते. “काय मिस्त्री, पाठवली एकदाची ला पाझला? मानलं बुवा तुला!” तोरिबिओ ओरडला.

कासिमिरोनं हात वर केला आणि हसला.