काळ्या वाळूवरची रेघ

मित्रांनो, आमच्या यारामुंगा गावात गोल्फची हिरवळ काळी आहे. इथे पाणी मेंढ्यांना पुरलं तरी मिळवलं, गवत कोण पोसणार? म्हणून वाळूत इंजिनाचं जुनं तेल कालवून गोल अंगणं केली आहेत आणि प्रत्येकाच्या मधोमध एक खड्डा. चेंडू त्या अंगणापर्यंत पोचला की लांब काठ्यांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. मी पटर. पितळेचं डोकं, पोलादी मान, कातडी मूठ आणि वय साठीच्या पुढचं. चेंडू ढकलून खड्ड्यात घालायचा, एवढंच माझं काम. काम लहान दिसतं, पण जिंकलेले सामने लोक तिथेच हरतात.

मी ॲडलेड शहरातल्या एका ओतशाळेत घडलो. क्लॅरी नावाच्या लोकर कातरणाऱ्या माणसाने मला निवडलं. त्याने दुकानातले दहा-बारा पटर हातात घेतले, पण रंगरूपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डोळे मिटून एकेक चेंडू ढकलला आणि तो कुठे थांबला असेल ते आधी सांगून मग डोळे उघडले. माझ्या वेळी त्याचा अंदाज बरोबर आला. "हा हाताला कळवतो," तो दुकानदाराला म्हणाला. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

आमच्या वाळूची एक रीत सांगतो. ढकलण्याआधी रुंद फळी ओढून चेंडूपासून खड्ड्यापर्यंत वाट सपाट करायची. चेंडू गेला की वाळूवर त्याची रेघ उमटते. कोण सरळ खेळलं आणि कोण वाकडं, सगळं सगळ्यांना दिसतं. मग ज्याची रेघ त्यानेच फळी फिरवून पुसायची.

क्लॅरी गेला आणि मी त्याच्या मुलीकडे, मर्नाकडे आलो. ती शाळेची बस चालवते. बिलगार गावाशी दरवर्षी ढालीचा सामना होतो, त्या सहा बायकांच्या संघात ती सत्तावीस वर्षं आहे. मला ती कुणाला हात लावू देत नसे. तिच्या नवऱ्याने, ट्रेवने, एकदा गाडीच्या इंजिनाचं झाकण उघडं ठेवायला टेकू म्हणून मला वापरलं, तर आठवडाभर त्याला स्वतःचं जेवण स्वतः करावं लागलं होतं.

म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी क्लबच्या दारात मोठा तपकिरी साप निघाला. ट्रेवच्या हाताशी मर्नाची पिशवी होती आणि पिशवीत मी. त्याने मलाच उपसलं. साप मेला, पण माझी मान पायरीच्या कडेवर आपटून मागे वाकली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. ट्रेवने मला पुसून परत ठेवलं आणि लोकांना सांगितलं, फावड्याने मारला. त्या शौर्यावर त्याने महिनाभर फुकट बिअर प्यायली.

तेव्हापासून माझं तोंड जरा आकाशाकडे झालं. चेंडू निघताना आधी उडी मारायचा, मग घरंगळायचा आणि उडीत जोर घालवून खड्ड्याच्या अलीकडे थांबायचा. मर्ना जोर वाढवायची, तर पुढचा पार पलीकडे जायचा. मला सगळं कळत होतं, पण पटराला तोंड असलं तरी वाचा नसते.

मर्नाला वाटलं, हात गेले. तिच्या आईचे हात म्हातारपणी असे थरथरायचे की कप धरता येत नसे. आता मर्ना रोज सकाळी चहाचा कप उचलून त्याच्याकडे टक लावून बघत बसायची. हात गेले तर खेळ गेला आणि बसही गेली. चाळीस पोरं त्या हातांच्या भरवशावर शाळेत जातात. तिने हे कुणालाच सांगितलं नाही, ट्रेवलाही नाही.

शेवटी संघाची कॅप्टन ग्लेनिस घरी आली.

"मर्ना, मला तुझ्याशी वाकड्यात जायचं नाहीये गं. पण तू तीन फुटांवरून चुकतेस. सामन्याला पंधरा दिवस आहेत."

"सरळ सांग ना, काढतेस मला."

"पंधरा दिवस आहेत म्हटलं. नवीन पटर तरी घे. तुझा तो बापाच्या काळातला दारात अडसर म्हणून लाव."

मर्ना शहरात गेली आणि रुंद डोक्याचा एक जडसा पटर पंधरा दिवसांच्या बोलीवर घेऊन आली. त्याच्या पाठीवर तीन पांढऱ्या रेघा होत्या. मला त्याचा राग आला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ती ट्रेवला घेऊन चौथ्या खड्ड्यापाशी गेली. तिने वाट सपाट केली आणि बापासारखे डोळे मिटले.

"मी ढकलते, कुठे थांबला ते मी सांगते. तू फक्त खरं-खोटं सांग."

आधी तिने नव्या पटराने चेंडू ढकलला. "वीतभर अलीकडे," ती म्हणाली.

"बरोबर."

"आता वीतभर पलीकडे."

"हेही बरोबर. अगं, तुझे डोळे मिटलेत ना नक्की?"

मग तिने मला उचलून चेंडू ढकलला. "पोचला."

ट्रेवने वाकून चेंडू नीट पाहिला.

"पोचला ना रे?"

"दोन फूट अलीकडे."

तिने पाच वेळा ढकललं. पाचही वेळा ती म्हणाली पोचला आणि पाचही वेळा चेंडू दोन फूट अलीकडे राहिला. ती वाळूवर गुडघे टेकून बसली. नव्याची रेघ चेंडूच्या जागेपासूनच सुरू होत होती. माझ्या रेघेत आधी वीतभर कोरी वाळू होती, मग एक खळी आणि तिथून पुढे रेघ.

"ट्रेव, हा उडतोय. माझा हात बरोबर सांगतोय, चेंडूच उडतोय. हा पटर आधी असा नव्हता."

ट्रेवने टोपी काढली. मोठा माणूस, पण कान लाल झाले होते. "तो साप," तो म्हणाला, "फावड्याने नव्हता मारला."

मला वाटलं, आता ही मला उगारून त्यालाच हाणणार. पण मर्नाने दोन्ही हात पुढे धरले. बोटं पसरली. एकही हलत नव्हतं. आणि मर्ना तिथेच बसून रडायला लागली.

"अगं, एका पटरासाठी..."

"पटरासाठी नाही रे गाढवा! दोन वर्षं मी रोज सकाळी कप उचलून बघतेय, आईसारखं होतंय का म्हणून. दोन वर्षं! आणि तू बिअर पीत होतास."

ट्रेव मटकन तिच्या शेजारी बसला. त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं होतं, फार तर ओरडा बसेल.

त्याच संध्याकाळी त्याने आपल्या गॅरेजमध्ये मला दोन लाकडांमध्ये धरून शिकंज्यात घातलं आणि केसाकेसाने सरळ केलं. मर्ना शेजारी उभी राहून बघत होती. दुखलं, पण बरं वाटलं. सकाळी पुन्हा डोळे मिटून परीक्षा झाली. नव्याच्या वेळी तिचा अंदाज वितीच्या आत येत होता, माझ्या वेळी दोन बोटांच्या आत. नवा वाईट नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा होता, म्हणून परत गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू वाकतात, त्या सरळही होतात. तुमच्या हातून कुणाची वस्तू बिघडली तर त्याच दिवशी जाऊन सांगा. तुम्ही गप्प बसलात, तर वस्तूचा दोष तो माणूस स्वतःच्या अंगावर घेत बसतो.

ढालीच्या सामन्यात मर्ना संघातली सहावी म्हणून खेळली. शेवटच्या खड्ड्यावर आठ फुटांवरून तिने मला मागे नेलं, पुढे आणलं, आणि माझ्या तोंडापासून खड्ड्याच्या ओठापर्यंत एकच अखंड रेघ उमटली आणि चेंडू आत पडला. बिलगारच्या बायका हात मिळवायला थांबल्या होत्या. ट्रेव फळी घेऊन धावत आला.

"राहू दे," मर्ना म्हणाली. "माझी रेघ आहे."

तिने क्षणभर ती पाहिली, मग स्वतःच्या हातांनी फळी ओढून पुसून टाकली.