जिन्यावरची चाल

"हा चालतोय, पण येत नाहीये," दिग्दर्शक पडद्यावर जिना चढणाऱ्या आकृतीकडे बघत म्हणाला.

म्हणजे नेमकं काय, ते खोलीत कुणालाच कळलं नाही. चिमणीला मात्र कळलं.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पन्नाशीला टेकलेली, चष्म्यातून वाकून बघणारी ती बाई. पण हाताने चित्रं काढून सिनेमे करणाऱ्या त्या स्टुडिओत पाखरं, पानं, वाऱ्याने हलणारे पडदे, लहान मुलींचे झगे असली नाजूक कामं पहिल्यापासून तिच्याकडेच यायची, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सध्याच्या सिनेमात संवाद नव्हते. शास्त्रीय संगीताची एक जुनी रचना आधी वाजवून मुद्रित केली होती आणि चित्रं तिच्या सुरांबरहुकूम हलायची होती. गोष्ट एवढीशीच. एक मुलगी घरात एकटी खेळते आहे आणि कुणीतरी जिना चढून वर येतं. तिथे संगीत एकदम खाली, खर्जात उतरायचं. एक जाड, ठाम सूर, मग मागून घासत आलेला एक अर्धवट सूर. पुन्हा ठाम. पुन्हा घासत.

"जिन्याचा प्रसंग मी करू का?" चिमणी म्हणाली, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून स्वतःच दचकली.

"तू?" दिग्दर्शक हसला. "अगं, तुझा राक्षस दाराशी आधी चपला काढून ठेवेल आणि मग आत येऊ का म्हणून विचारेल!"

सगळे हसले. तीही हसली. पण काम तिला मिळालं.

खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद लावून, कानांवर ते संगीत चढवून ती बसली. तिला कल्पना लढवावी लागणार नव्हती. लहानपणी त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं. बाबा कारखान्यात लेथवर काम करत. संध्याकाळी आई रेडिओ लावून भाजी चिरत बसलेली असायची. जिन्यावर बाबांचं पाऊल वाजलं की तिचा हात आधी रेडिओच्या बटणाकडे जायचा. उजवा पाय दाणकन पडायचा, डावा मागून फरपटत यायचा. उजवा फारच जड पडला तर दादा चिमणीला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः बाहेर उभा राहायचा. काय बिनसलंय हे विचारायची सोय नव्हती. हात आधी सुटायचा, कारण मागाहून शोधलं जायचं.

तिने ती चाल काढली. पुढे झुकलेलं डोकं, वर चढलेला एक खांदा, कठड्यावर सरकत येणारा पंजा. चेहरा काढलाच नाही. पलंगाखालून तो कधी दिसलाच नव्हता.

चित्रं जोडून संगीतावर चालवली तेव्हा दिग्दर्शकाने ती पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग त्याने हळूच विचारलं, "कुठे पाहिलास गं हा माणूस?"

"कुठे नाही. सुचला."

सिनेमाची झलक फोनांवर फिरायला लागली त्याच दिवशी दादाचा फोन आला. तो लांब राहायचा, क्वचितच फोन करायचा.

"वेड लागलंय का तुला? ते बाबा आहेत."

"कुणाला कळणार आहे, दादा?"

"त्यांना कळेल. तुझ्याच घरात राहतात ते. सिनेमाला नेऊ नकोस त्यांना, ऐकतेस ना? काहीतरी सबब सांग."

दादा साठीचा झाला होता, नातवंडांचा आजोबा होता, आणि त्याचा आवाज कापत होता.

आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच होते. आता त्यांना शर्टाची बटणं लावता येत नसत, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. सकाळी खिडकीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांशी गोड बोलत. शेजारपाजारी म्हणत, किती शांत माणूस! तरी त्यांनी आतल्या खोलीतून जरा चढ्या आवाजात हाक मारली की चिमणीच्या हातातलं भांडं निसटायचं.

सबब सांगायची वेळच आली नाही. संध्याकाळी ती घरी पोचली तर बाबा खुशीत होते.

"तुझ्या साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, मुलीने कमाल केलीय, तुम्ही यायलाच हवं. मी हो म्हटलंय. फक्त पुढची रांग नको, मान दुखते."

सिनेमा सकाळच्या खेळाला होता. तिने त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली. थिएटरात ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली, कारण मारायला त्यांचा उजवा हात उठायचा. हे आपण ठरवून केलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिवे मालवले. वरच्या सुरांत बासरी सुरू झाली. पडद्यावरची मुलगी ठोकळे रचायला लागली. बाबा मान डोलवत होते. मग बासरी थांबली, खर्जातला तो जाड सूर आला, आणि जिन्यावर पहिलं पाऊल पडलं.

बाबांची मान थांबली.

चिमणीने पडद्याकडे पाहिलंच नाही. खुर्चीत अंग चोरून ती पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिली. पावलं वर येत होती. एवढ्यात तिचं मनगट घट्ट पकडलं गेलं. तिने डोळे मिटून घेतले. पण पुढे काहीच झालं नाही. ती पकड मारणाऱ्याची नव्हती. बाबांचा हात गार पडला होता आणि ते तिला धरून बसले होते.

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, दिवे लागले. बाबा उठले नाहीत.

"तो माझा बाप आहे," ते म्हणाले.

"काय?"

"जिन्यावरचा तो. अस्सेच यायचे ते. आम्ही भावंडं धान्याच्या कोठीमागे लपायचो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कुठे पाहिलंस त्यांना? तू जन्मायच्या आधीच गेले की ते."

सुचला म्हणून सांगायचं होतं, ते तिच्या ओठांवर होतंही. पण ती गप्प राहिली, आणि बाबा तिच्या गप्प बसण्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"मी..." ते अडखळले. "मीही असाच यायचो का गं?"

सवयीने तिची नजर आधी त्यांच्या हातांकडे गेली. ते मांडीवर पडून होते. 

"हो, बाबा," ती म्हणाली. "दादा मला पलंगाखाली ढकलायचा."

 बाबा पांढऱ्या पडद्याकडे बघत बसले. तेवढ्यात दिग्दर्शक हसत हसत आला. "काय आजोबा, कसं वाटलं लेकीचं काम?"

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. "मी घाबरलो."

मग ते खुर्चीला धरून उठले. तिने हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. बाहेर जाणाऱ्या पायऱ्या लाकडी होत्या. बाबा भिंतीला धरून खाली निघाले. फरपटणारा डावा पाय ते कष्टाने उचलत होते, उजवा आधी बोटांवर टेकवून मग टाच सोडत होते. प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत होते. त्यांच्या पावलांचा जराही आवाज होत नव्हता.