चाळीस पावले

मित्रांनो, मी एक जुने स्ट्रेचर आहे. हॉस्पिटलच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम असतो.

दोन लोखंडी नळ्या आणि जाड कापड जोडून एका वेल्डरने मला घडवले. गाडीतून उतरवायचे नि दारातून आत न्यायचे, जेमतेम दहा पावलांचे काम, असे तो म्हणाला होता. पण हॉस्पिटलच्या फाटकासमोर नाला होता. हॉस्पिटल वरच्या सरकारने बांधले. पूल नगरपालिकेने बांधायचा होता. वर एका पक्षाची सत्ता, खाली दुसऱ्याची, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. नगरपालिका म्हणे, निधी वरून येऊ द्या. वरचे म्हणत, नाला तुमच्या हद्दीतला. सहा वर्षे कागदी घोडे नाचले, पण नाल्यापलीकडे एकही गेला नाही. रुग्णवाहिका अलीकडेच थांबे. तिथून चाळीस पावले मी रोग्यांना नेत असे.

माझी पुढची बाजू मामांच्या हाती. मामा म्हणजे हॉस्पिटलचे शिपाई. नाल्यात उतरताना ते पावले मोठ्याने मोजत, म्हणजे रोग्याला धीर येई. लोक त्यांचे कौतुक करत आणि माझेही. तेव्हा मला अभिमान वाटे. आता त्याची लाज वाटते.

एका दुपारी मामांची लेकच माझ्यावर होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि रक्त थांबत नव्हते. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. नाला छातीपर्यंत चढला होता. मामांनी दोनदा पाय घातला, दोनदा ड्रायव्हरने त्यांना मागे ओढले. पलीकडे फाटकात डॉक्टरीणबाई उभ्या दिसत होत्या.

"बाबा, मोजा ना," लेक म्हणाली.

मामा काठावर उभ्या उभ्या मोजू लागले. चाळीस झाले तरी थांबले नाहीत. पाणी ओसरले तेव्हा ऐकायला ती उरली नव्हती, तिचे बाळही नाही.

गावात ओरड झाली. मग दोन्ही कार्यालये कधी नव्हे ती झटपट हलली. महिन्याभरात वरून एक नवे स्ट्रेचर आले. त्याच आठवड्यात नगरपालिकेनेही एक पाठवले. दोन्हींवर देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत होते. मी जिन्याखाली आले.

मामा अजून कामावर आहेत. आता ते मोजत नाहीत, मुकाट नाल्यात उतरतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्या कापडाला खुशाल भोके पडू देत. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी वर बसेल, कोणी खाली. हवे तेवढे भांडा, पण आधी पूल बांधा. मग त्या दोन नव्या स्ट्रेचरांना जेमतेम दहा पावलांचेच काम उरेल, आणि मामांना नाल्यात उतरावे लागणार नाही.