अंजनाचं यंत्र

अंजना सहा वर्षांनी अमेरिकेहून आली, तेव्हा शाहूपुरीतल्या माहेरच्या घरात नवरी बघायला यावीत तशी माणसं लोटली. बघायचं होतं तिच्या कमरेचं यंत्र. साबणाच्या वडीहून जरा मोठी डबी, तिच्यातून निघालेली बारीक नळी आणि पोटात बसवलेली सुई. त्यातून रात्रंदिवस थेंबथेंब इन्सुलिन जायचं.

"म्हंजे रोज टोचून घ्यायला नको?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"नको काका. जेवायच्या आधी बटण दाबायचं. उशीर झाला तरी चालतंय."

तात्यासाहेबांची थोरली त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मागे स्टोव्हवर तिची काचेची सिरिंज उकळत होती. 'उशीर झाला तरी चालतंय' हे शब्द तिला सुईपेक्षा जास्त टोचले.

दोघी चुलत बहिणी, एकाच घरात वाढलेल्या. त्रिशलाला चौदाव्या वर्षी साखर निघाली, अंजनाला त्याच साली, बाराव्या वर्षी. मग दोघींना एकच डॉक्टर, एकच पथ्य. पुढं त्रिशलाची तीन स्थळं 'साखरेची पोरगी' म्हणून परत गेली आणि तात्यासाहेबांनी शोधणंच सोडलं. अंजनाला मात्र अमेरिकेतला डॉक्टर नवरा मिळाला. "साखरेचं काय एवढं?" म्हणाला तो. त्रिशलानं त्या लग्नात अक्षता टाकल्या, पण आशीर्वाद काही ओठावर आला नाही.

चौथ्या दिवशी जेवायच्या आधी अंजनानं हाक मारली, "अक्का, निऱ्या नीट कर की जरा. सवयच गेली बघ."

त्रिशला खाली बसली. निऱ्या खोचताना बोटांना ओल लागली आणि तो उग्र, औषधी वास आला. चौदा वर्षं रोज हुंगलेला इन्सुलिनचा वास. नळी जोडापाशी सैल झाली होती. औषध पोटात न जाता लुगड्यात झिरपत होतं.

"काय गं?"

"काय न्हाय," त्रिशला म्हणाली.

एवढं शहाणं यंत्र, त्याला कळंल की, असं तिनं मनाला सांगितलं. पंगतीत अंजनानं बटण दाबलं आणि दोन पुरणपोळ्या तुपाशी खाल्ल्या. त्रिशला आपली मोजून दिलेली भाकरी चावत राहिली.

चारच्या सुमारास अंजना तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. पाचला उलट्या सुरू झाल्या. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता.

"दृष्ट लागली माझ्या पोरीला!" अंजनाची आई, त्रिशलाची चुलती, रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, साखर उतरली असंल, आणि चुलतीनं घाईनं साखरपाण्याचा पेला अंजनाच्या तोंडाला लावला.

त्रिशलानं तो हिसकावून घेतला. "मारायचंय का तिला? साखर चढलीया! नळी गळतीया तिची!"

तिनं आपलं लवकर लागू होणारं इन्सुलिन काढलं, अंजनाच्या दंडात टोचलं आणि तात्यासाहेबांना जीप काढायला लावली.

अंजना वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत त्रिशलाची पाठ थोपटली. तिला ते सोसेना. तिसऱ्या दिवशी दोघीच असताना तिनं सांगून टाकलं.

"मला त्या दुपारीच कळलंतं. निऱ्या करताना."

"आणि गप बसलीस?"

"व्हय."

"का अक्का?"

"तुलाच सगळं मिळालं म्हणून."

अंजनानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पुढचे आठ दिवस ती त्रिशलाशी कामापुरतंही बोलली नाही. निघायच्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडली, तिच्यासमोर नुसती थांबली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळली तशी चुलतीनं त्रिशलाला छातीशी धरलं. "तू होतीस म्हणून माझी पोर जित्ती ऱ्हायली गं बाई."

म्हणजे अंजनानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्रिशलाला वाटलं, सांगायला हवं होतं तिनं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, फिटंफाट झाली असती. एवढं मोठं मनही तिलाच मिळावं, याचा तिला राग आला, आणि तो तिला लवकर गिळता आला नाही.