मासा बदलून बघ

माधवीला त्या दिवशी स्क्रीनकडे बघून शिसारी आली. कुसगावच्या एका बड्या हॉटेलाला आपलं सांडपाणी इंद्रायणीत सोडायची परवानगी हवी होती. सोडलं तर नदीचं काय होईल, हे कॉम्प्युटरवर नदीचं मॉडेल चालवून सांगायचं, हे माधवीचं काम. आणि खाली इंदुरीत तिचं माहेर, त्याच पाण्यावर जगणारं. मॉडेलनं सरळ सांगून टाकलं, नदीतला महाशीर, स्वच्छ वाहत्या पाण्यातच तगणारा मासा, इंदुरीपर्यंत जगायचा नाही.

"अगं, सॉफ्टवेअर लवचिक आहे, तूच एवढी ताठ का?" तिचे साहेब, सुहास सर, बडीशेप चघळत म्हणाले. "मासा बदलून बघ. मांगूर टाक."

मांगूर! गटारात लोळणारा, मेलेलं कुत्रंही न सोडणारा. त्याला कसली आलीय नदी न् कसलं काय! तिनं टाकला. लाल आलेख झटक्यात हिरवा झाला, खाली अक्षरं उमटली : 'जलजीवन सुदृढ.' सर चक्क टाळ्या पिटायला लागले. जनाची नाही, निदान मनाची तरी? अहवालावर आता फक्त माधवीची सही हवी होती.

"उद्या करते," ती कशीबशी म्हणाली.

घरी तिनं साबणानं खसाखसा हात धुतले, तरी किळस जाईना. तेवढ्यात इंदुरीहून भागुबाईमावशीचा फोन.

"पान्याला लय घान वास मारतोय गं. वरनं चोरून सोडत्यात जनू. तुज्या त्या कंप्युटरला इचार की."

"विचारते," म्हणत माधवीनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला. तळलेल्या माशाचा वास ऑफिसभर सुटला. दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची सरांची जुनी खोड. न विचारता तुकडी उचलली आणि तोंडात टाकली.

"वा! सुरमई?"

"मांगूर, सर. त्या हॉटेलच्या नाल्याच्या तोंडाशी धरलेला. आपल्या अहवालातला."

सरांचा जबडा जागच्या जागी थांबला. पळतच बेसिन गाठलं आणि घसा खरवडून खरवडून थुंकायला लागले.

"शी! नालायक कुठली! हे काय माणसानं खायचं?"

"तेच पाणी आमची माणसं पितात, सर. मी महाशीर परत टाकलाय. सही त्याच अहवालावर केलीय, आणि तोच वर पाठवलाय."

चुळा भरणंच संपेना त्यांचं.

माधवीनं उरलेली तुकडी निवांत खाल्ली. सुरमईच होती, लोणावळ्याच्या बाजारातली. पण ते सरांना सांगायची तिला काही गरज वाटली नाही.