मापाचा माणूस

"अजून दोन पावलं डावीकडे. आता तोंड मनोऱ्याकडे."

ताईने स्टँडचा पाय फरशीच्या सांध्यात रोवला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी तिचा धाकटा भाऊ नेहमीसारखा पाठमोरा उभा होता, हात खिशात. ती गावोगावच्या वास्तूंची पुस्तकं करत असे. शेजारी माणूस असल्याशिवाय इमारतीची उंची वाचकाला उमगत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक वास्तूशेजारी भाऊ होता. पूल, वेशी, कारंजी, ग्रंथालयं, सगळीकडे तीच पाठ. ताई त्याला मापटं म्हणे. माप कळलं पाहिजे, दिसता कामा नये, हेही तिचंच.

फोटो झाला. मापटं वळलं, पण जागचं हललं नाही.

"ताई, आता एक समोरून काढ."

"का? घरात आरसा नाही?"

"एकीला पाठवायचाय."

"कोण एकी?"

"दाढेची डॉक्टरीण."

ताईने कॅमेऱ्यावरून मान वर काढली. गेलं वर्षभर हा दाढेसाठी खेपा घालत होता. बाई दाढ काढतेय की विहीर खणतेय, असं तिने त्याला विचारलंही होतं.

"तिने तुझं तोंड पाहिलेलं नाही?"

"पाहिलंय की. पण उघडंच." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "तिच्या मुलीला दाखवायचाय. परगावी शिकते ती. मुलगी नको म्हणाली तर डॉक्टरीण पुढे जाणार नाही. मला स्पष्ट सांगितलंय तिने."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर तिकडे राहायला जाईन म्हणतो. दवाखान्याच्या वरच घर आहे."

ताईने मान हलवली. आई गेल्यापासून दोघं एका छपराखाली राहत होती, चहात साखर किती यावरून रोज भांडत होती आणि एकाच गाडीने जगभर हिंडत होती. तिकडे राहायला गेलेला माणूस स्टँड उचलायला येईल कशाला? तिने वर पाहिलं. ऊन ऐन डोक्यावर होतं. अशा उन्हात कपाळ चकाकतं, डोळ्यांच्या जागी काळे खळगे येतात आणि भला माणूससुद्धा फरारी दिसतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"तिथेच उभा राहा," ती म्हणाली.

तिने धडाधड तीन फोटो काढले. भावाने हाताचा आडोसा करून पडद्यावर पाहिलं. त्या उजेडात फारसं काही दिसत नव्हतंच.

"झकास," तो म्हणाला. ताईने कॅमेरा बंद केला.

पायऱ्यांवर बसून दोघांनी पावाची पुडी सोडली.

"जमलं कसं पण तुमचं?" तिने विचारलं.

"तुझ्यामुळे. तिच्या दवाखान्यात तुझी पुस्तकं असतात, खोळंबलेल्यांना चाळायला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत उभा होतो. ती मागून आली नि म्हणाली, तुम्ही त्या पुलांच्या पुस्तकातले ना?"

"पाठीवरून ओळखलं?"

"पाठीवरून. मग विचारलं, त्या पुस्तकात तुमचा डावा खांदा उतरलेला का आहे?"

"उतरलेला? कुठल्या फोटोत?"

"सगळ्याच म्हणाली."

ताईचा घास हातातच राहिला. "काय झालं होतं?"

"काही नाही गं. त्या जिन्यावरून स्टँडसकट गडगडलो नव्हतो का? हाडाला चीर गेली होती. पुलांचे फोटो सुरू व्हायचे होते, म्हणून तुला म्हटलं, मुरगळलंय."

पुलांच्या पुस्तकातला फोटोन् फोटो ताईने स्वतः निवडला होता. भिंग लावून कमानींच्या रेषा तपासल्या होत्या. कुठल्या पुलाचा कोणता दगड निखळलाय, हे ती आजही सांगू शकली असती. खांदा काही केल्या आठवेना.

तिने उरलेला पाव कागदात गुंडाळला.

"ऊठ."

"आता कुठे?"

"फोटो पुन्हा काढायचाय. डोळे आलेच नाहीत त्यात. पोरगी घाबरेल."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"आता बोलतेय ना? चल, त्या कमानीखाली. सावलीत."

कमानीखाली समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड होता. ताईने स्टँड उघडलाच नाही. कॅमेरा हातात धरून ती जवळ गेली, कामासाठी कधी गेली नव्हती इतकी जवळ. त्याच्या कॉलरवरचा पावाचा चुरा झटकला. डावा खांदा अजूनही किंचित खालीच होता.

त्याच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने अंग ताठ केलं.

"खांदा वर घेऊ का?"

"नको," ताई कॅमेऱ्यामागून म्हणाली. "तिच्या ओळखीचा आहे तो."